पायथन पॅकेजच्या पोटात काय आहे? फंक्शन, क्लास आणि मेथड यांची यादी करण्याची रीत

एखादे पायथन पॅकेज हाती येते, सोबतची माहिती अर्ध्या पानात संपते, आणि मग पहिला प्रश्न पडतो तो "यात आहे तरी काय काय?" हा. वरवर पाहता हा एकच प्रश्न वाटतो, पण त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. पॅकेज इम्पोर्ट केल्यावर कोणती नावे दिसतात, त्यांपैकी कोणती याच पॅकेजात लिहिलेली आहेत, आणि बाहेरच्यांनी कोणती वापरावीत असे लेखकाला वाटते. या तिन्हींची उत्तरे क्वचितच जुळतात, आणि यादी फसते ती बहुतेक वेळा एका प्रश्नाचे साधन दुसऱ्या प्रश्नाला लावल्यामुळे.

उदाहरणासाठी मी पायथनबरोबरच येणारे जेसन हे पॅकेज घेतो. ते लहान आहे, वेगळे बसवावे लागत नाही, आणि यादी करताना लागणाऱ्या बहुतेक ठेचा त्यात लागतात. या लेखातील नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; टंकताना ती अर्थातच मूळ रोमन अक्षरांत, लहान-मोठ्या लिपीचा भेद पाळून लिहावीत.

आधी नाव आणि जागा

पिपने (पॅकेजेस बसवणाऱ्या पायथनच्या साधनाने) बसवताना वापरलेले नाव आणि इम्पोर्ट करताना वापरायचे नाव एकच असते असे नाही. पिलो बसवावे लागते, पण इम्पोर्ट करायचे ते पीआयएल. सायकिट-लर्न बसवले तरी लिहायचे एसकेलर्न. ब्यूटिफुलसूप४ चे होते बीएस४. कोणत्या इम्पोर्ट-नावामागे कोणते बसवलेले पॅकेज आहे हे पायथन ३.१० पासून इम्पोर्टलिब.मेटाडेटा मधील पॅकेजेस_डिस्ट्रिब्यूशन्स हे फंक्शन सांगते.

नाव कळले की जागा शोधावी. त्यासाठी पॅकेज इम्पोर्ट करण्याची गरज नाही. इम्पोर्टलिब.युटिल मधील फाइंड_स्पेक या फंक्शनला सर्वांत वरचे नाव दिले, तर ते पॅकेज न चालवता त्याचा पत्ता देते; परत मिळालेल्या वस्तूतील सबमॉड्यूल_सर्च_लोकेशन्स या गुणधर्मात फोल्डरचा मार्ग असतो. मात्र मध्ये टिंब असलेले नाव दिले, म्हणजे "अमुक.तमुक" असे, तर पायथन आधी "अमुक" इम्पोर्ट करते. हा फरक क्षुल्लक वाटला तरी पुढे, अनोळखी कोड चालवावा की नाही हा प्रश्न येईल तेव्हा, तो आठवावा.

डिर काय दाखवते आणि काय लपवते

जवळपास सगळेच जण सुरुवात डिर(जेसन) या ओळीने करतात, आणि तशी करण्यात काही गैर नाही. मिळणारी यादी वर्णक्रमाने असते, पण हा क्रम अक्षरांच्या संगणकीय क्रमांकांचा आहे. त्यामुळे आधी मोठ्या लिपीतील नावे येतात, म्हणजे जेसनडिकोडएरर, जेसनडिकोडर आणि जेसनएन्कोडर. त्यानंतर अंडरस्कोअरने सुरू होणारी. आणि शेवटी लहान लिपीतील डिटेक्ट_एन्कोडिंग, डम्प, डम्प्स, लोड, लोड्स वगैरे.

ही यादी नीट पाहिली तर दोन गोष्टी खटकतात. त्यात कोडेक्स हे नाव आहे, जे जेसनचे नाहीच. जेसनने ते स्वतःच्या कामासाठी इम्पोर्ट केले, म्हणून ते दिसते. उलट, जेसनच्या फोल्डरमध्ये टूल नावाचे मॉड्यूल (पॅकेजातली एक पायथन फाइल) असूनही ते यादीत नाही, कारण ते अजून कोणी इम्पोर्ट केलेले नाही. डिर फोल्डर पाहत नाही. त्या घडीला पॅकेजच्या नावाशी काय काय जोडले गेले आहे, एवढेच ते सांगते. एक्सएमएल या पॅकेजात हे अधिक ठळकपणे दिसते: केवळ इम्पोर्ट एक्सएमएल असे लिहून डिर विचारले, तर डॉम, ईट्री, पार्सर्स आणि सॅक्स या चार उपपॅकेजांपैकी एकाचेही नाव येत नाही, आणि नवशिक्याला वाटते की पॅकेज रिकामेच आहे.

शिवाय पायथन ३.७ पासून मॉड्यूलच्या लेखकाला स्वतःचे __डिर__ फंक्शन लिहून डिरचे उत्तर बदलता येते. पायथनच्या अधिकृत माहितीतही डिर हे प्रामुख्याने टर्मिनलवर काम करताना सोयीचे म्हणून दिले आहे. तेव्हा डिर हे नजर टाकण्याचे साधन समजावे आणि यादीचा पाया त्यावर रचू नये.

इन्स्पेक्टची चाळणी

खरी यादी सुरू होते ती इन्स्पेक्ट मॉड्यूलपासून. त्यातील गेटमेंबर्स या फंक्शनला दोन गोष्टी द्याव्यात: कोणत्या वस्तूत शोधायचे, आणि कोणत्या कसोटीवर. कसोटी म्हणून इसफंक्शन दिली, तर जेसनमधून पाच जोड्या मिळतात: डिटेक्ट_एन्कोडिंग, डम्प, डम्प्स, लोड, लोड्स. इसक्लास दिली तर वर सांगितलेले तीन क्लास मिळतात. प्रत्येक जोडीत नाव आणि प्रत्यक्ष वस्तू असते, त्यामुळे पुढची माहिती त्या वस्तूलाच विचारता येते.

आता याच पॅकेजातील __ऑल__ ही, लेखकाने बाहेरच्यांसाठी मांडलेल्या नावांची यादी उघडून पाहावी. तिच्यात फंक्शन्स चारच आहेत, डिटेक्ट_एन्कोडिंग नाही. ते फंक्शन जेसनमध्येच लिहिलेले आहे, त्याच्या नावापुढे अंडरस्कोअरही नाही, तरीही बाहेरच्यांसाठी म्हणून लेखकाने ते मांडलेले नाही. "पॅकेजात काय आहे" याचे उत्तर पाच आणि "काय वापरावे" याचे उत्तर चार, असा हा प्रकार आहे. ज्या पॅकेजात __ऑल__ दिलेले आहे तिथे तिसऱ्या प्रश्नासाठी तेच प्रमाण मानावे. जिथे नाही तिथे अंडरस्कोअरने सुरू न होणारी नावे घेण्यावाचून गत्यंतर नसते, पण मग त्यात कोडेक्ससारखी पाहुणी नावेही येतात.

पाहुणे वगळण्यासाठी एक उपाय सर्रास सुचवला जातो: प्रत्येक वस्तूचा __मॉड्यूल__ हा गुणधर्म पाहावा आणि तो पॅकेजच्या नावाशी तंतोतंत जुळला तरच वस्तू ठेवावी. जेसनवर हा उपाय करून पाहिला, तर पाचही फंक्शन्स टिकतात आणि तिन्ही क्लास गळून पडतात! जेसनएन्कोडर हा जेसन.एन्कोडर या आतल्या मॉड्यूलात लिहिलेला आहे आणि वर केवळ आणून ठेवला आहे, म्हणून त्याचे __मॉड्यूल__ "जेसन.एन्कोडर" असे येते. म्हणून कसोटी अशी ठेवावी की __मॉड्यूल__ एकतर पॅकेजच्या नावाइतकेच असावे किंवा पॅकेजचे नाव आणि त्यापुढे टिंब, यांनी सुरू व्हावे. ते टिंब विसरू नये; नाहीतर "जेसन" या अक्षरांनी सुरू होणारे जेसनस्कीमा हे परके पॅकेजही घरचे म्हणून गणले जाते.

इसफंक्शन या कसोटीचे नाव जितके भारदस्त, तितकी ती व्यापक नाही. पायथनमध्ये डेफ किंवा लॅम्डा लिहून तयार केलेले फंक्शनच ती ओळखते. सी भाषेत लिहिलेली फंक्शन्स तिला दिसत नाहीत; नेहमीच्या सीपायथनमध्ये (सी भाषेत लिहिलेल्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पायथनमध्ये) जेसन.डिकोडर मधील स्कॅनस्ट्रिंग हे असेच एक आहे, आणि त्यासाठी इसबिल्टइन लागते. नमपाय या गणिती पॅकेजातील साइन हे तर या दोन्ही कसोट्यांत बसत नाही, कारण ते यूफंक या वेगळ्या प्रकारचे आहे. एलआरयू_कॅश हा डेकोरेटर (फंक्शनला गुंडाळून त्याचे वागणे बदलणारे वेष्टन) लावलेले साधे, स्वतः लिहिलेले फंक्शनही इसफंक्शनच्या लेखी फंक्शन राहत नाही. म्हणून मी कसोटी ढिली ठेवतो: जे कॉल करता येते ते सर्व कॉलेबल या फंक्शनने गोळा करावे, त्यांतले क्लास वेगळे काढावेत, आणि उरलेल्या प्रत्येकासमोर त्याच्या प्रकाराचे नाव एका रकान्यात लिहावे. रकाना पाहून नको ते गाळणे सोपे असते. यादीत कधी आलेच नाही ते आठवणे अवघड.

क्लासच्या आतल्या मेथड्स

येथे जुन्या सवयीची एक चूक हटकून होते. मेथड शोधायची म्हणून माणूस इसमेथड ही कसोटी लावतो, आणि जेसनएन्कोडर या क्लासवर ती लावली की हाती रिकामी यादी येते. पायथन ३ मध्ये क्लासमधून थेट घेतलेली साधी मेथड ही निव्वळ फंक्शन असते. एखाद्या ऑब्जेक्टला बांधली गेल्यावरच ती इसमेथडच्या व्याख्येत बसते. क्लासवर इसमेथड लावून मिळतात त्या क्लासमेथड, म्हणजे ऑब्जेक्टऐवजी क्लासलाच बांधलेल्या मेथड्स, उदाहरणार्थ पाथलिबमधील पाथ या क्लासच्या सीडब्ल्यूडी आणि होम. साध्या मेथड्ससाठी क्लासवर इसफंक्शनच लावावे. मग जेसनएन्कोडरच्या __इनिट__, डीफॉल्ट, एन्कोड, इटरएन्कोड अशा चार आणि जेसनडिकोडरच्या __इनिट__, डिकोड, रॉ_डिकोड अशा तीन मेथड्स मिळतात.

पुढचा पेच वारशाचा. गेटमेंबर्स पूर्वज-क्लासकडून आलेल्या मेथड्सही तितक्याच आपलेपणाने दाखवते, त्यामुळे खोल वंशावळ असलेल्या क्लासची यादी फुगते. त्या क्लासमध्येच लिहिलेल्या मेथड्स हव्या असतील तर व्हार्स(क्लास) पाहावे, कारण त्यात त्या क्लासचा स्वतःचा शब्दकोश असतो. प्रत्येक मेथड कुठून आली हे हवे असेल तर इन्स्पेक्टमधील क्लासिफाय_क्लास_अॅट्रिब्यूट्स या अर्थाचे, मूळ नावात अखेरचा शब्द "अॅटर्स" असा आखूड केलेले फंक्शन वापरावे. ते प्रत्येक नावासोबत त्याचा प्रकार (साधी मेथड, क्लासमेथड, स्टॅटिकमेथड, प्रॉपर्टी की नुसता डेटा) आणि त्याची ही व्याख्या ज्या क्लासात लिहिलेली आहे तो क्लास देते. या फंक्शनचा उल्लेख फारसा कुठे होत नाही, पण मेथड्सच्या यादीसाठी याहून नेमके साधन मला माहीत नाही.

एक सावधगिरी: गेटमेंबर्स शक्यतो क्लासवर लावावे, ऑब्जेक्टवर नाही. ऑब्जेक्टवर लावले की त्यातली प्रत्येक प्रॉपर्टी (वाचताच आपला कोड चालवणारा गुणधर्म) खरोखर वाचली जाते, आणि एखाद्या प्रॉपर्टीमागे डेटाबेसची जोडणी असेल तर यादी करता करता ती जोडणीही उघडते. ऑब्जेक्टवर लावणे भागच असेल तर पायथन ३.११ पासून मिळणारे गेटमेंबर्स_स्टॅटिक वापरावे.

उपमॉड्यूलांपर्यंत पोहोचणे

आतापर्यंतचे सर्व एका मॉड्यूलापुरते झाले. संपूर्ण पॅकेज पालथे घालायचे तर पीकेजीयुटिल लागते. त्यातील इटर_मॉड्यूल्स एका पातळीवरची मॉड्यूल्स, ती इम्पोर्ट न करता, सांगते. वॉक_पॅकेजेस प्रत्येक उपपॅकेजात उतरत जाते, पण उतरण्यासाठी त्या उपपॅकेजाला इम्पोर्ट करते. दोन्हींना पॅकेजचे __पाथ__ द्यावे आणि प्रीफिक्स म्हणून पॅकेजचे नाव व टिंब, म्हणजे येथे "जेसन.", न विसरता द्यावे.

प्रीफिक्स विसरल्यास काय होते ते सांगणे आवश्यक आहे, कारण त्रुटीचा संदेश येतोच असे नाही. वॉक_पॅकेजेस मग उपपॅकेजाचे अर्धेच नाव घेऊन इम्पोर्ट करू पाहते, ते सापडत नाही, आणि त्यातून उद्भवणारी इम्पोर्टएरर ते मुकाट्याने गिळून पुढे जाते. उपपॅकेजाखालची अख्खी फांदी यादीतून नाहीशी होते आणि प्रोग्राम यशस्वीपणे संपल्याचे दिसते. म्हणून ऑनएरर या नावाने एक छोटे फंक्शन नेहमी द्यावे आणि त्यात निदान न उघडलेल्या पॅकेजचे नाव छापावे. ज्या उपफोल्डरमध्ये __इनिट__ ही फाइल नाही, तो पायथन ३.३ पासून नेमस्पेस पॅकेज म्हणून इम्पोर्ट होऊ शकतो, पण पीकेजीयुटिलच्या फेरीत तो येत नाही, हेही ध्यानात असावे.

मिळालेल्या प्रत्येक नावासाठी इम्पोर्टलिब.इम्पोर्ट_मॉड्यूल चालवावे, ते ट्राय-एक्सेप्टमध्ये ठेवावे, आणि मग वरची चाळणी लावावी. येथे एक्सेप्ट एक्सेप्शन एवढेच पुरत नाही: एखाद्या मॉड्यूलने इम्पोर्ट होतानाच सिस.एक्झिट बोलावले, तर उठणारी सिस्टिमएक्झिट ही एक्सेप्शनच्या वंशातली नसल्यामुळे जाळ्यातून निसटते आणि तुमचा प्रोग्राम अर्ध्यावर बंद पडतो. तिचे नाव वेगळे लिहावे. __मेन__ या नावाची मॉड्यूल्स तर इम्पोर्ट न करता वगळावीत. ती चालवण्यासाठीच लिहिलेली असतात.

इम्पोर्ट म्हणजे चालवणे

पायथनमध्ये इम्पोर्ट करणे म्हणजे ती फाइल वरपासून खालपर्यंत चालवणे. पायथनसोबत येणाऱ्या सर्व मॉड्यूल्सवर अशी फेरी मारली, तर अँटिग्रॅव्हिटी या मॉड्यूलपाशी पोहोचताच ब्राउझर आपोआप उघडतो आणि त्यात एक व्यंगचित्र दिसते. दिस या मॉड्यूलपाशी पायथनची सुभाषिते पडद्यावर झळकतात. हे गमतीचे झाले. माझ्या हाती एकदा एक अंतर्गत पॅकेज आले होते, ज्यातल्या एका फाइलच्या तळाशी चाचणीचे टेबल रिकामे करणारी ओळ होती आणि तिच्याभोवती "ही फाइल थेट चालवली असेल तरच" ही नेहमीची अट नव्हती. माझ्या यादीच्या प्रोग्रामने ती फाइल इम्पोर्ट केली. टेबल चाचणीचे होते म्हणून निभावले. यादी मात्र अचूक आली होती.

तेव्हापासून अनोळखी कोडाची यादी मी आधी न चालवता करतो.

न चालवता वाचणे: एएसटी

एएसटी हे मॉड्यूल पायथनची फाइल वाचून तिचा वाक्यरचनेचा वृक्ष बनवते. त्यात एकही ओळ चालत नाही. रीत अशी आहे. पाथलिबने पॅकेजच्या फोल्डरमधील सर्व पायथन फाइली आरग्लोबने गोळा कराव्यात. प्रत्येक फाइल रीड_बाइट्सने वाचून एएसटी.पार्सला द्यावी. फाइल मजकूर म्हणून उघडू नये, कारण विंडोजवर उघडताना एन्कोडिंग सांगितले नाही तर अनेकदा यूटीएफ-८ धरले जात नाही, आणि टिपणांत मराठी मजकूर असला की वाचन तिथेच अडते किंवा अक्षरांचा खिचडा होतो. बाइट्स दिले तर फाइलीचे एन्कोडिंग पायथन स्वतःच्या नियमांनी ठरवते.

मग वृक्षाच्या बॉडी या यादीवरून एकेक गाठ पाहत जावे. फंक्शनडेफ आणि असिंकफंक्शनडेफ ही फंक्शन्स, क्लासडेफ हे क्लास. असिंक वेगळे मोजायला विसरले, तर आधुनिक वेब-पॅकेजातील निम्मी फंक्शन्स हरवू शकतात. क्लास आला की त्याच्या बॉडीत पुन्हा हेच करावे, म्हणजे मेथड्स मिळतात. नाव नेम या गुणधर्मात, ओळीचा क्रमांक लाइननो मध्ये, आणि वर्णन एएसटी.गेट_डॉकस्ट्रिंग या फंक्शनने मिळते.

एएसटी.वॉक हे तयार फंक्शन वापरण्याचा मोह होतो, पण ते वृक्षातील प्रत्येक गाठ कुठे आहे हे न सांगता देते. जेसनच्या एन्कोडर फाइलवर ते चालवले तर रिप्लेस नावाचे फंक्शन दोनदा निघते. ही दोन्ही दुसऱ्या फंक्शनांच्या पोटात लिहिलेली मदतनीस फंक्शन्स आहेत, बाहेरून ती कोणालाही बोलावता येत नाहीत, आणि मेथड्सही त्याच राशीत मिसळून आलेल्या असतात. म्हणून पातळी सांभाळत स्वतः उतरावे.

नावाच्या रूपावरून तर काहीच ठरवू नये. डिकोडर फाइलीत जेसनऑब्जेक्ट आणि जेसनअॅरे अशी मोठ्या लिपीतील नावे आहेत. पाहणारा त्यांना क्लास म्हणेल, पण ती दोन्ही फंक्शन्स आहेत.

एएसटीची मर्यादा अशी की जे लिहिले आहे तेच त्याला दिसते. त्याच डिकोडर फाइलीत पाय_स्कॅनस्ट्रिंग हे फंक्शन डेफने लिहिलेले आहे, आणि स्कॅनस्ट्रिंग हे नाव खाली साध्या बरोबरच्या चिन्हाने जोडलेले आहे: सी भाषेतील आवृत्ती उपलब्ध असेल तर ती, नसेल तर पाय_स्कॅनस्ट्रिंग. एएसटीच्या यादीत पाय_स्कॅनस्ट्रिंग येते, स्कॅनस्ट्रिंग येत नाही. डेटाक्लास या डेकोरेटरने तयार झालेली __इनिट__ मेथड, इफ किंवा ट्रायच्या आत लिहिलेली फंक्शन्स (बॉडीच्या पहिल्या पातळीवरच थांबल्यास), आणि सी भाषेतून तयार केलेली मॉड्यूल्स, हेही सुटतात. म्हणून पॅकेज विश्वासाचे असेल तर दोन्ही याद्या कराव्यात आणि एकमेकींतून वजा कराव्यात. वजाबाकीत जे उरते, नेमके तेच पॅकेजातले चाणाक्ष, आणि म्हणून वाचण्याजोगे, कोड असते.

एवढा खटाटोप नको असेल तर पायथनमध्ये पायसीएलबीआर नावाचे मॉड्यूल तयार आहे. त्यातील रीडमॉड्यूल_ईएक्स हे मॉड्यूल न चालवता त्याची फंक्शन्स, क्लास आणि मेथड्स ओळींच्या क्रमांकांसह देते.

देवनागरी नावांविषयी थोडेसे

पायथन ३ मध्ये फंक्शनला "बेरीज" असे नाव देता येते, आणि शिकवण्यासाठी लिहिलेल्या पॅकेजांत अशी नावे भेटू शकतात. यादीत ती रोमन नावांच्या नंतर येतात. अडचण येते ती अदृश्य जोडचिन्हाची: र आणि हलंत यांनंतर ते चिन्ह टाकून लिहिलेले "ऱ्या" पायथन नावात स्वीकारत नाही, पडद्यावर ते अगदी बरोबर दिसत असले तरी. एएसटी.पार्स अशा फाइलीवर सिंटॅक्सएरर देते, म्हणून पार्सची ओळही ट्राय-एक्सेप्टमध्ये असावी आणि अडलेल्या फाइलीचे नाव छापले जावे.

यादी कोणत्या रूपात ठेवावी

वाचण्यापुरतेच काम असेल तर टर्मिनलवर पायथन -एम पायडॉक जेसन ही आज्ञा पुरते. नाव न देता -बी हा पर्याय दिला तर ब्राउझरमध्ये मॉड्यूल्सची सूची उघडते आणि तीतून हीच माहिती पाहता येते. पायडॉकही इम्पोर्ट करूनच माहिती काढते, हे मात्र विसरू नये.

जपून ठेवायची यादी असेल तर प्रत्येक नावाला एक ओळ द्यावी आणि तीत टॅबने वेगळे केलेले रकाने असावेत: मॉड्यूलसह पूर्ण नाव, प्रकार, सिग्नेचर (म्हणजे पॅरामीटरांची यादी), वर्णनाची पहिली ओळ. सिग्नेचर इन्स्पेक्ट.सिग्नेचर देते, काही बिल्ट-इन वस्तूंची सिग्नेचर उपलब्ध नसते आणि तेव्हा व्हॅल्यूएरर उठते, त्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जावे. सिग्नेचरमध्ये डीफॉल्ट किंमत म्हणून एखादा ऑब्जेक्ट असेल, तर त्याचा मेमरीतील पत्ता छापला जाऊ शकतो आणि तो दर वेळी बदलतो. तो पत्ता काढून टाकावा, ओळी क्रमाने लावाव्यात आणि फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवावी. पॅकेजची नवी आवृत्ती बसवण्याआधी आणि नंतर हाच प्रोग्राम चालवून गिट डिफ पाहिले, की कोणते फंक्शन गेले, कोणत्या मेथडला नवा पॅरामीटर आला आणि कोणता क्लास एका मॉड्यूलातून दुसऱ्यात हलला, हे तुमचा कोड मोडण्याआधीच दिसते.